इंचभर सरकलेली बाई

१९९१ साल, जानेवारी महिना. मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. सौदीत जुबेल गावात मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत एक छापखाना होता, त्याला तिकडे मतबा म्हणतात. तिथे मी मशीनमन. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण छपाईत माझा हात धरणारा माणूस त्या अख्ख्या किनाऱ्यावर नव्हता. हे माझा कफील, म्हणजे तिकडचा मालक आणि जामीनदार, सांगायचा, आणि तो कुणाची स्तुती करणाऱ्यातला नव्हता.

नोकरी कधी लागली, कधी सुटली, ते लिहीत बसत नाही. त्यात काही राम नाही. छापखान्यात सगळी मिळून तेहेतीस वर्षं काढली. चुका झाल्या, कुणाच्या होत नाहीत? बाकीच्या विसरलो. एक विसरता येत नाही. ती चूक म्हणजे काय, तर मी काम अगदी बरोबर केलं.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तीन रंगांचं चित्र छापायचं तर कागद मशीनमधून तीनदा जातो. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, शाई वेगळी. कागद दर खेपेला त्याच कोपऱ्यात, त्याच टाचण्यांना टेकून बसला पाहिजे. नाहीतर बाईचे ओठ एकीकडे आणि लाली गालावर. रंगावर रंग नेमका बसणं, याला आम्ही रजिस्टर म्हणतो. मुंबईत डोंगरीला शिकलो तेव्हा आमचे उस्ताद म्हणायचे, "केसभर हललं तर चालेल, पण तो केस माझ्या डोक्यावरचा पाहिजे." उस्ताद पूर्ण टकले होते.

गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. एक येमेनी मधवाला दर वर्षी यायचा आणि लेबलावरची मधमाशी समोरच्या दुकानदाराच्या माशीपेक्षा मोठी करून मागायचा. चौथ्या वर्षी ती एवढी झाली की लोक विचारायला लागले, बाटलीत मध आहे की कोंबडी. बिलबुकं, लग्नाच्या पत्रिका, हॉटेलांचे भावफलक, असं आमचं काम चालायचं.

त्या जानेवारीत मात्र सगळं थांबलं. कुवेत आधीच इराकने गिळलं होतं. जुबेलच्या बंदरात एवढी जहाजं की समुद्र दिसेना. रस्त्यावर वाळूच्या रंगाचे ट्रक, एकामागून एक, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे, मग लढाई, असं रेडिओ सांगत होता. आम्ही छापत होतो एकच गोष्ट: खिडक्यांना चिकटपट्टी कशी लावायची याची पत्रकं. पाच भाषांत. गॅसचे मुखवटेही वाटले. मुखवटा दाढीवर घट्ट बसत नाही, दाढी काढा, असं सांगितलं गेलं. आमचे दाऊदभाई, दाभोळचे, कागद कापायच्या मशीनवर होते. दाढी पोटापर्यंत. ते म्हणाले, "मेलो तं दाढीसकट मरंन. वर गेल्यावर वळकायला नको?"

कफील बायकापोरांना घेऊन जेद्दाला निघून गेला. किल्ल्या माझ्याकडे. जाताना दोन गोष्टी बजावून गेला. माणसाचं चित्र छापायचं नाही, आणि शिपायांचं काम घ्यायचं नाही. परवाना गेला तर तुझा इकामाही, म्हणजे तिथे राहायचा कागदही, गेला. मी मान हलवली.

तो गेला आणि चारच दिवसांनी शिपाई आला.

इंग्रजांच्या फौजेचा. सहा फूट उंच, काळा कुळकुळीत, खांद्यावर पिशवी. काळी शाई विकत हवी म्हणाला. मी डबा काढेपर्यंत तो माझ्याकडे टक लावून बघत होता.

"घर कुठे?" त्याने विचारलं. माझं इंग्रजी मोडकं, आणि त्याचंही माझ्या कानाला मोडकंच वाटायचं, म्हणून आमचं जमलं.

"इंडिया."

"खोटं. तू माझ्या मावशीच्या गल्लीतला आहेस."

दाऊदभाई मागून खो खो हसले. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. सांगून टाकतो. मी मुरुडचा सिद्दी. आमचे पूर्वज फार मागे आफ्रिकेतून आले. केस कुरळे, रंग त्याच्यासारखाच. घरात बोली कोकणातलीच. लहानपणी शाळेत पोरं हबशी म्हणून दगड मारायची, तेव्हा बापाने एकच शिकवलं: छाती काढून सांग, जंजिऱ्यावर आपलं राज्य होतं. दाऊदभाई मला नवाबसाहेब म्हणायचे ते त्यावरूनच, अर्धं कौतुक, अर्धी चेष्टा.

मी शिपायाला तेच सांगितलं. म्हटलं, "तुमचे लोक गुलाम होते. आमचे राजे."

"बरं," तो म्हणाला. "आफ्रिकेतून इंडियात कसे गेले?"

"जहाजातून."

"तिकीट काढून?"

मी डबा परत फळीवर ठेवला आणि त्याला दार दाखवलं. तो गेला. दाऊदभाई म्हणाले, "काय चुकीचा बोल्ला तो?" मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. खरं सांगायचं तर मला हादरा बसला होता. एकोणचाळीस वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. राज्य होतं, एवढ्यावर मी सगळं आयुष्य काढलं होतं. राज्याच्या आधी काय होतं, ते विचारायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. बिस्किटांचा पुडा दाऊदभाईंना दिला, आणि माझ्यापुढे पिशवीतून एक फळी काढून ठेवली. फळीवर लिनोलियम चिकटवलेलं, सरकारी कचेऱ्यांत जमिनीला अंथरतात ते. कुठल्याशा पाडलेल्या कचेरीतून उचललं होतं. त्यावर चाकूने कोरून एक बाई काढलेली. डोक्यावर पेटी, एक हात पेटीला, मान ताठ. छापताना उलटं उमटतं म्हणून सगळं उलटं कोरायचं असतं. त्याने केसाच्या बटा, हाताच्या शिरा, सगळं उलटं आणि बिनचूक काढलं होतं. मी माणसावर रुसू शकतो. असल्या हातावर कसा रुसणार? मी फळी उचलली आणि उजेडात धरली.

"कोण ही?"

"माझी आई."

त्याचं नाव लेनॉक्स. फौजेत ट्रक चालवायचा. इंग्लंडात संध्याकाळच्या शाळेत ठसे कोरायला शिकला होता. आईचं मूळ बेट बार्बाडोस, तिकडे दूर अमेरिकेच्या बाजूला. तिच्या आज्यापणज्यांना आफ्रिकेतून साखळीने बांधून तिथे ऊस तोडायला नेलं होतं. आई एकोणीस वर्षांची असताना जहाजाने इंग्लंडला आली आणि जन्मभर इस्पितळाच्या चादरी धूत राहिली. पोरगा फौजेत गेला तेव्हा गप्प बसली. पण या लढाईला निघाला तेव्हा म्हणाली, "मी समुद्र ओलांडला तो तू वाळूत मरावंस म्हणून नाही. पत्र पाठवू नकोस." ती तशी वागलीही. त्याची पाच पत्रं न फोडता परत आली. पाकिटामागे नाव वाचायची आणि परत धाडायची.

"म्हणून चित्र पाठवायचंय," तो म्हणाला. "पत्रात मी काय लिहिणार? सगळं ठीक आहे? ती हसेल. चित्रात तिला कळेल की मला ठाऊक आहे, ती कशी आली ते. आठवड्याभरात आम्ही आत वाळवंटात जाणार. त्याच्या आत हवं."

मी कफिलाचे दोन्ही हुकूम मोडायचं ठरवलं. तसा मी हट्टी आहे, पण दुसऱ्याच्या हट्टापुढे कधीकधी विरघळतो.

आमच्या कोपऱ्यात रद्दीचा ढीग होता. मशीन लावताना पहिले पाचपन्नास कागद वाया जातात. नवे कागद कोण वाया घालवणार? म्हणून आम्ही जुनेच पुन्हा पुन्हा घालायचो. एकेका कागदावर दहा कामं चढलेली असत. मधमाशीवर बिलबुक, त्यावर मासळीच्या लिलावाची पावती, त्यावर खिडकीची चिकटपट्टी. लेनॉक्स त्या ढिगात लहान मुलासारखा बसला. तुकडे फाडत होता, जुळवत होता, मैद्याच्या खळीने चिकटवत होता. या प्रकाराला तो कोलाज म्हणायचा. अरबी अक्षरांचा समुद्र केला, आकड्यांचं आभाळ. असे बारा कागद त्याने दोन दिवसांत तयार केले, थाळीएवढे. त्यावर बाई छापायची. निळ्याचा आणि लालचा ठसाही त्याने कोरून आणला होता: आधी निळा, मग काळा, शेवटी तिच्या झग्याचा आणि डोक्याच्या फडक्याचा लाल.

दाऊदभाई बघून म्हणाले, "चांगल्या कागदावर छापायचा सोडून कचऱ्यावर छापतोय. ह्याच्या आईला चित्र मिलंल का केर?"

मी ते मोडक्या इंग्रजीत सांगितलं. "दाऊद," लेनॉक्स मोठ्याने हसला, "तिला दोन्हीतला फरक माझ्यापेक्षा जास्त कळतो."

ठसे मशीनच्या टाइपाएवढे उंच भरेनात, तेव्हा मी खाली कागदाच्या पट्ट्या घालून उंच केले. गुरुवारी निळा आणि काळा उतरला. काळा असा उतरला की बाई त्या फाटक्या समुद्रातून चालत बाहेर येते आहे असं वाटलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "कझिन, तू जादूगार आहेस." कझिन म्हणजे चुलतभाऊ. पहिल्या दिवशी म्हणाला असता तर मी डबा फेकून मारला असता. आता मी पुढचा कागद लावला.

लाल शुक्रवारी, माझी नमाज झाल्यावर, दोघांनी मिळून करायचा होता. दुपारी लेनॉक्सचा फोन आला. छावणीचे दरवाजे बंद केलेत, बाहेर सोडत नाहीत. "तूच छाप," तो म्हणाला. "एका कागदावर पेन्सिलीची खूण केलीय. लाल त्या खुणेवर ठेव. उद्या सकाळी येतो. परवा आम्ही जातोय."

मी हो म्हटलं.

खूण शोधली. बघितली. फूटपट्टी लावून पुन्हा बघितली. खूण इंचभर डावीकडे होती. तिथे लाल छापला तर झगा बाईच्या अंगावर येणारच नव्हता. बाई एकीकडे उभी, झगा बाजूला समुद्रात.

मनात म्हटलं, ट्रक चालवणारा माणूस, रजिस्टर त्याला काय कळणार? घाईत खूण चुकली. दाऊदभाई सुट्टी असून माझ्यासोबत आले होते. ते म्हणाले, "अरे, त्याने सांगितलाय तिथंच छाप की. तुजा काय जातंय?"

"मरायला निघालेल्या माणसाचं काम वाकडं पाठवू?"

"तू त्याला इचार तरी."

"छावणीत फोन कुठे करू? आणि यात विचारायचं काय? आंधळ्यालाही दिसेल."

मी टाचण्या काढल्या, नव्याने बसवल्या. चार तास लागले. लाल असा बसला की काळ्या रेषेच्या आत एक सुई जाईल एवढीही फट नाही. फडक्याची गाठ, झग्याची चूण, सगळं जागच्या जागी. बाराच्या बारा कागद. मी ते दोरीवर वाळत घातले आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो. इतकं सुंदर काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, नंतरही नाही. उस्तादांना दाखवावं असं वाटलं.

शनिवारी सकाळी लेनॉक्स आला. बाहेर ट्रक चालूच ठेवला होता, आत दुसरा शिपाई बसलेला. तो दोरीपाशी गेला आणि उभा राहिला.

मी कौतुकाची वाट बघत होतो.

तो एकेक कागद बघत गेला. बारावा बघून झाल्यावर कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. तोंडावरून हात फिरवला.

"तू तिला कपडे घातलेस," तो म्हणाला.

"खूण चुकली होती. मी नीट केली."

"खूण चुकली नव्हती."

"इंचभर बाहेर होती! बाई इथे, झगा तिथे!"

"हो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "तेच तर चित्र होतं, कझिन. ती इंग्लंडात आली. तिचं मन बेटावरच राहिलं. बेटावर असती तरी तिच्या आजीचं मन आफ्रिकेत होतं. आमच्या घरात एकाही बाईचा झगा तिच्या अंगावर नाही. मी हे तिला सांगणार होतो. आता ही छान बाई आहे. स्वयंपाकघरात लावेल आणि विसरेल."

चूक झाली असं त्या क्षणी मला वाटतच नव्हतं. माणूस मुद्दाम, समजून उमजून, रंग बाहेर टाकतो, याचाच मला धक्का बसला होता. ज्या गोष्टीला मी सगळा जन्म घाबरलो, ती त्याला हवी होती. आणि हे मला कळायच्या आतच मी ती पुसली होती. तळाचे बारा कागद संपले होते. पुन्हा फाडून, चिकटवून, तीन रंग चढवायला चार दिवस हवे होते. त्याच्याकडे अर्धा तास होता.

"खलास," तो म्हणाला आणि उठला.

माफी मागायची वेळ तीच होती. मला माफी मागता येत नाही, अजूनही येत नाही. मी दोरीवरचा पहिला कागद ओढला आणि दाऊदभाईंच्या मशीनवर नेला. कटिंग मशीनचं पातं हातभर लांब, रीमच्या रीम एका झटक्यात कापणारं.

"नवाबसाहेब, काय करतंस?"

"कापा. कमरेतून."

"मी नाय हात लावायचा. तुज्या हातचा येवढा सुरेख काम, आनि..."

"मग बाजूला व्हा."

मी कागद दाबाखाली सरकवला. बाईची कंबर पात्याच्या रेषेवर आली. लेनॉक्स मागे येऊन उभा राहिला, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. छापलेल्या कामावर मी पातं कधी चालवलं नव्हतं. दांडा ओढला. पातं खाली आलं, तो आवाज दररोज शंभरदा ऐकायचो, त्या दिवशी दचकलो. दाऊदभाईंनी "या अल्ला" म्हटलं.

बाईचे दोन भाग झाले.

लेनॉक्सने एक पुठ्ठा घेतला. वरचा भाग ठेवला. खालचा बोटाने डावीकडे सारला. थोडा. आणखी थोडा. समुद्राच्या लाटा मोडल्या, अक्षरं मोडली, बाईची कंबर एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला. माझा रजिस्टर, तो सुईएवढा रजिस्टर, मधोमध उघडा पडला.

"असं होतं?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "माझ्या चित्रात ती नुसती हरवली होती. यात तिला कापलंय." मग म्हणाला, "हे जास्त खरं आहे. खळ आण."

आम्ही तिघांनी मिळून ते चिकटवलं. दाऊदभाई कडा दाबत होते आणि नाक ओढत होते. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. पण खळ ओली होती, लाल शाईही पुरती सुकली नव्हती. गुंडाळलं असतं तर सगळं एकमेकांना चिकटलं असतं. तो म्हणाला, "उद्या सुकेल. तू टपालात टाकशील?" त्याने एका चिठ्ठीवर आईचा पत्ता लिहिला, खाली आपलं नाव.

जाताना दोरीवरचा एक कागद, न कापलेला, त्याने काढून घेतला आणि दोन पत्रकांच्या मध्ये सपाट ठेवला.

"हा कशाला? हा तर चुकला ना?" मी विचारलं. तेवढा टोमणा मारल्याशिवाय मला राहवलं नाही.

"हा माझ्यासाठी. एक तरी आई अंगभर कपड्यात असू दे, कझिन."

ट्रक गेला. चारपाच दिवसांनी लढाई सुरू झाली, भोंगे वाजायला लागले, आम्ही मुखवटे घालून जिन्याखाली बसलो. दाऊदभाईंनी दाढी काढली नाही. लेनॉक्स पुढे कुठे गेला, परत आला का, मला ठाऊक नाही. उरलेले दहा कागद कफील यायच्या आधी मी जाळले. त्याचं आजही वाईट वाटतं. एक तरी ठेवायला हवा होता. पण इकाम्याची भीती मोठी असते, आणि मी वाटतो तेवढा शूर नाही.

सांगायची राहिली ती त्या शनिवारनंतरची सकाळ. रविवारी उजाडताच मतबा उघडला. चित्र सुकलं होतं. पुठ्ठ्यावरचं गुंडाळता येईना, म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून वरून कागद लावला, फक्त एक बाजू तपासणीसाठी उघडी ठेवली, आणि पायीच टपाल कचेरीत गेलो. रांग बाजारापर्यंत. जो तो लढाईच्या आधी काहीतरी घरी पाठवत होता. माझी पाळी आली तेव्हा कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. कुणाला, तिथे मी चिठ्ठीवरचा पत्ता अक्षर अक्षर बघून उतरवला. कुणाकडून, तिथे चिठ्ठीवर लेनॉक्सचं नाव होतं. ते लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. ती नाव वाचणार आणि परत धाडणार. मग मी तिथे माझं नाव लिहिलं. इंग्रजीत तेवढंच मला न बघता लिहिता येतं.

कारकुनाने पुठ्ठा बाजूला करून आत बघितलं. कपाळाला आठी पडली. त्याने बाईचं तोंड बघितलं, मग माझं, मग परत तिचं. आठी गेली.

"उम्मक?" त्याने विचारलं. तुझी आई?

मागे रांग खोळंबली होती. मी म्हटलं, "ऐवा." हो, माझीच.

त्याने शिक्का मारला.